विश्लेषण : पिकअपचा पुढचा ‘शॉकअप’ गेला हे कसे ओळखायचे? बदलताना काय सांभाळायचे?

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने कल्याणच्या बाजाराकडे निघालेल्या छोट्या पिकअपचा चालक निघण्यापूर्वी ब्रेक पाहतो, टायरची हवा पाहतो. पुढच्या शॉकअपकडे सहसा खडखड सुरू झाल्यावरच लक्ष जाते. हा भाग एका दिवसात जात नाही. तो महिनोन्‌महिने हळूहळू झिजतो आणि चालकाच्या हाताला त्या झुलण्याची सवय होऊन जाते. भरल्या गाडीने घाटात जोराचा ब्रेक दाबण्याची वेळ आली, की झीज किती झाली होती ते कळते.

शॉकअप आणि स्प्रिंग यांत फरक काय?

गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग सुटल्यावर वरखाली होत राहते, ते थांबवण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीतले तेल पिस्टनच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलले जाते, त्यात स्प्रिंगची उसळी विरते. त्यामुळे ‘गाडी एका बाजूला बसली, शॉकअप गेला’ हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. गाडी बसली असेल तर आधी स्प्रिंग पाहावी. शॉकअप गेलेली गाडी बसत नाही, उसळत राहते. चाक रस्त्यावर टेकून राहिले नाही, तर चांगले ब्रेकही पकड घेत नाहीत.

सगळ्या पिकअपना स्ट्रट असतो का?

नाही. टाटा एसच्या मूळ रचनेत पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आहेत. मारुती सुझुकी सुपर कॅरीला मागे पाटे, पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, खालचे टोक चाकाच्या नकलला आणि वरचे बॉडीला. स्टीअरिंग वळवले की हा खांबही वरच्या बेअरिंगवर फिरतो. म्हणून तो बिघडला की स्टीअरिंग आणि टायर दोन्हींवर परिणाम होतो. मागचे पाटे वाढवून जास्त माल भरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की त्याने पुढच्या स्ट्रटला काहीच मदत होत नाही.

घरच्या घरी तपासणी कशी करावी?

पुढचा कोपरा तीन-चार वेळा जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शंका घ्यावी. मात्र मालवाहू गाडीच्या स्प्रिंगा कडक असल्याने या एका चाचणीवर विसंबू नये. रबरी डस्ट कव्हर वर सरकवून नळी पाहावी. किंचित ओलसरपणा चालतो. तेलाचे ओघळ आणि त्यावर धुळीचा चिकट थर असेल, तर सील गेले. नंतर टायरवरून तळहात फिरवावा. फक्त आतली किंवा बाहेरची कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट पाहावे. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे हाताला लागले, तर चाक रस्त्यावर उड्या मारत होते असे समजावे.

खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही स्ट्रटच्या नळ्यांना जपून हात लावणे ही जुन्या मेकॅनिकांची युक्ती. काम करणारी नळी गरम होते. एक गरम आणि दुसरी थंड असेल, तर थंडवाली संशयित. शेजारची ब्रेक डिस्क तापलेली असते, तिला हात लागू देऊ नये.

खडखड आली म्हणजे शॉकअपच का?

इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. बारीक खड्ड्यांवरची खडखड अनेकदा लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंटची असते. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना ‘टण्‌’ आवाज येऊन स्प्रिंग उडी मारल्यासारखी हलली, तर वरचे बेअरिंग पाहावे. पहारीने एकेक सांधा हलवून दाखवल्याशिवाय मेकॅनिकला नवा भाग आणायला सांगू नये.

बदलताना धोका कुठे?

स्ट्रटच्या मधल्या नटमध्ये. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि तिला तो नट धरून ठेवतो. कॉम्प्रेसरने स्प्रिंग दोन्ही बाजूंनी सारखी दाबण्यापूर्वी तो सोडला, तर ती गोळीसारखी सुटते. साखळी किंवा तार बांधून हे काम करणारे आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नये. स्वतःकडे योग्य कॉम्प्रेसर नसेल तर हे काम घरी करूच नये.

गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवेत. नकलचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी जुन्या जागेची खूण करावी आणि ब्रेकच्या पाइपवर चाकाचा भार लटकू देऊ नये. नवा शॉकअप उभा धरून काही वेळा पूर्ण वरखाली करावा, आतली हवा निघते. नट आवळताना चकचकीत दांडा पकडीने धरला की त्यावर चरे पडतात आणि नवे सील काही दिवसांत फाटते. ही चूक फार सर्रास दिसते.

एकच बाजू बदलली तर?

नवी बाजू कडक, जुनी ढिली. ब्रेक दाबल्यावर आणि वळणावर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. जोडीच बदलावी. बेअरिंग, वरची रबरी माउंटिंग, बम्प स्टॉप आणि डस्ट कव्हर झिजले असतील, तर तेही त्याच वेळी, कारण नंतर त्यांच्यासाठी सगळे पुन्हा खोलावे लागते. ‘नळी कापून तेल भरून देतो, निम्म्यात होईल,’ असे सांगणारे भेटतील. मागच्या सुट्या शॉकअपपुरता कोणी हा जुगार खेळेलही. चाक धरून ठेवणाऱ्या पुढच्या स्ट्रटवर वेल्डिंगचा जोड नको.

काम झाल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. नकलचे बोल्ट थोडे सरकले तरी चाकाचा कोन बदलतो आणि नवे टायरही एका कडेने खाल्ले जातात. दोन-तीन भरल्या फेऱ्यांनंतर सगळे नट एकदा पान्याने पुन्हा तपासून घ्यावेत.