कालव्याचा उतार आणि बोटींचा जिना

नदी आपला उतार स्वतः शोधते. कालव्याला मात्र तो नेमून द्यावा लागतो.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईच्या परिसरात कुकडी प्रकल्पाचे नाव कोणाला नवे नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही या प्रकल्पाची 5 धरणे. त्यांपैकी येडगाव धरणातून निघणारा कुकडी डावा कालवा सुमारे 249 किलोमीटर लांब आहे. जुन्नर तालुक्यातून निघून तो पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे तालुके ओलांडत सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडे जातो. इतक्या लांब पाणी जाते, ते गुरुत्वाकर्षणाच्या बळावर.

समजा, अशा कालव्याला दर किलोमीटरला 20 सेंटिमीटर उतार दिला. मग 249 किलोमीटरांत त्याचा तळ किती खाली जाईल? सुमारे 50 मीटर. उतार दुप्पट केला, तर 100 मीटर उंची खर्ची पडेल. कालव्याहून उंचावर असलेल्या शेताला त्याचे पाणी आपोआप मिळत नाही. ते पंपाने उपसावे लागते. म्हणजे उंची ही कालव्याची पुंजीच! ती जपून खर्चावी लागते. शिवाय उतार फार असला, तर वेगवान पाणी काठ खरवडते. फार कमी असला, तर गाळ साचतो. म्हणून कालवा टेकड्यांच्या कडेने वळणे घेत जातो. ओढा आडवा आला, तर तो जलसेतूवरून ओलांडतो. जमीन एकदम उतरली, तर पाणी बांधीव पायरीवरून खाली सोडतात.

पाणी पायरीवरून उडी घेईल. पण बोट कशी घेणार? इंग्लंडमधील केनेट-एव्हन कालवा मालाच्या बोटींसाठी 1810 मध्ये पूर्ण झाला. त्याची लांबी सुमारे 140 किलोमीटर असून त्यावर 105 लॉक, म्हणजेच जलपाश आहेत. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला अरुंद हौद. वर जाणारी बोट आत आली, की मागचा दरवाजा बंद करतात. मग वरच्या बाजूचे पाणी आत सोडतात. पाण्याबरोबर बोट वर उचलली जाते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली, की पुढचा दरवाजा उघडतो. उतरताना हेच उलट क्रमाने. डिव्हायझेस गावाजवळ असे 29 जलपाश ओळीने आहेत. सुमारे 3 किलोमीटरांत बोट 72 मीटर चढते. म्हणजे दर पायरी सरासरी अडीच मीटरांची!

या जिन्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. हौद 22 मीटर लांब व 4.3 मीटर रुंद धरला, तर एका वेळी सुमारे 2 लाख 36 हजार लिटर पाणी खालच्या पातळीला जाते. ते पुन्हा वर चढवण्यासाठी तेथे 1996 मध्ये पंप बसवण्यात आला.

आपल्या कालव्यात पाणी खाली जाणे हेच तर काम. पण वाटेत काही पाणी मुरते, काहीची वाफ होते. वरच्या चाऱ्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पाणी घेतले, तर शेवटच्या टोकाचे पीक वाळते. म्हणून आवर्तनात पाणी मोजून सोडणे महत्त्वाचे.

करून पाहा : आवर्तन चालू असताना मोठ्या माणसासोबत कठडा असलेल्या पुलावर उभे राहा. काठावर 20 मीटरांच्या दोन खुणा आधी ठरवून घ्या. लिंबाचे एक पान सोडा आणि खुणांमधले अंतर कापायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजा. अंतराला वेळेने भागा. पाण्याचा पृष्ठभागावरील वेग मिळेल. त्या वेगाने 249 किलोमीटर जायला पाण्याला किती तास लागतील?