संगोपनातील बापाचा वाटा

मूल जन्माला आले की त्याचे न्हाणे, खाणे, दुखणे-खुपणे आईने पाहावे आणि बापाने पगार आणून द्यावा, अशी कामाची वाटणी आपल्या समाजात फार दिवसांपासून चालत आली आहे. शिक्षण आले, नोकऱ्या आल्या, मातीच्या घरांची पक्की घरे झाली. परंतु ही वाटणी बऱ्याच घरांत जशीच्या तशी राहिली. आता तर पुष्कळ घरांतून आईही कामाला जाते, तीही पगार आणते. मग बापाचा म्हणून वेगळा वाटा कोणता? घरात दोन लहान मुले असली की हा प्रश्न रोज सकाळी साडेसहा वाजताच उभा राहतो. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. गृहस्थांचा विनय म्हणून ते ओळखले जाते. सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडत होता, कारण मरताना बापाने तसे सांगितले होते. दिशांचा खरा अर्थ भगवान बुद्धांनी त्याला समजावून दिला. पूर्व दिशा म्हणजे मातापिता. मुलांना वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्या मार्गाला लावणे, विद्या आणि कला शिकविणे, योग्य विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे, ही मातापित्यांची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. यात आईची वेगळी आणि बापाची वेगळी अशी यादी नाही. पाचांपैकी शेवटच्या दोन कर्तव्यांना पैसा लागतो, मधल्या एकाला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात; पण पहिल्या दोन कर्तव्यांना केवळ वेळच लागतो. आपण बहुतेक बाप शेवटच्या दोहोंसाठी राबतो आणि पहिली दोन आईवर सोपवून मोकळे होतो.

वेळ देणे म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे ते उदाहरण. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. अभ्यासाला जागा नव्हती आणि शांतताही नव्हती. तेव्हा रामजीबाबा भीमाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपत. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर विवाहित मुलींकडून दागिने मागून घेत, ते गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून आणीत. दागिन्यांची गोष्ट आपण भाषणात सांगतो. मला मात्र ती दोन वाजेपर्यंतची जागरणे अधिक मोठी वाटतात. गहाण ठेवलेला दागिना सोडवून आणता येतो; मुलासाठी न दिलेली रात्र मागाहून सोडविता येत नाही.

माझ्या घरी थोरली मुलगी पहिलीत आहे आणि धाकटा मुलगा बालवाडीत. बँकेत दिवसअखेर रोख जुळली की काम संपले असे म्हणता येते. घरी तसे नसते. सकाळी मुलीची वेणी घालावयाची, मुलाला दूध पाजावयाचे, एकाचा बूट सापडत नाही, दुसरीची पेन्सिल हरवलेली. आणि या सगळ्यात साडेनऊला घर सोडावयाचे असते. ही कामे बारीकसारीक वाटतात, परंतु मूल आपल्याशी बोलते ते याच कामांच्या वेळी. मुलाला समोर बसवून “शाळेत काय झाले?” असे विचारले तर “काही नाही” एवढेच उत्तर येते. तेच वेणी घालताना, पाठ आपल्याकडे असली म्हणजे, कोणी डबा हिसकावला, कोणी आडनावावरून काय विचारले, हे सारे आपोआप बाहेर येते. आपल्या मुलांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न लवकर येतो. तो आला हे बापाला कळले पाहिजे, आणि ते कळायला बापाने रोज जवळ असले पाहिजे.

दोन मुले असली की भांडण ठरलेलेच. तेथे आपण सहज म्हणून जातो, “तू ताई आहेस ना, देऊन टाक त्याला.” दर वेळी थोरल्यानेच द्यावयाचे असेल तर धाकटे भावंड म्हणजे आपले नुकसान, असे त्याच्या मनात बसते, आणि रडले की मिळते, हे धाकटा शिकतो. त्यापेक्षा साधा उपाय आहे. पेरू किंवा भाकरी एकाने वाटावी आणि आपला भाग आधी दुसऱ्याने उचलावा. वाटणारा आपोआप सारखे वाटू लागतो. समता हा शब्द मुलांना पुढे राज्यघटनेच्या उद्देशिकेत भेटेल. त्याची पहिली ओळख ही अशी ताटात व्हावी. मात्र समता म्हणजे दोघांना एकच वस्तू देणे नव्हे. सहा वर्षांच्या मुलीला वही लागते, तीन वर्षांच्या मुलाला खडू आणि पाटी. ज्याची गरज त्याला मिळाली, आणि का मिळाली हे दुसऱ्याला सांगितले, तर मुले ते समजून घेतात.

मुलगा आणि मुलगी असा भेदही असाच लहानपणी शिरतो. मुलीने ताटे उचलावीत आणि मुलाने हात धुऊन उठावे, हे कोणी शिकवीत नाही. मुले बापाकडे पाहून शिकतात. कोसलराजा प्रसेनजिताला राणी मल्लिकेपासून मुलगी झाली, तेव्हा तो खिन्न झाला. भगवंतांनी त्याला सांगितले की मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते. संयुत्तनिकायातील हा उपदेश पटविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बापाने स्वतःचे ताट स्वतः उचलणे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे भीती. कित्येक घरांत संध्याकाळी जिन्यावर बापाची पावले वाजली की मुलांचा आवाज बंद होतो. बाप दारू घेऊन येत असेल तर विचारायलाच नको. पण निर्व्यसनी बापाच्या घरीही हे घडते. लोक याला धाक म्हणतात आणि त्यात भूषण मानतात. वास्तविक धाकातून पहिली गोष्ट जन्माला येते ती खोटे बोलणे. मार बसणार हे ठाऊक असले की फुटलेला पेला मांजराने फोडलेला असतो.

भगवंतांनी राहुलाला सत्याचा धडा कसा दिला हे मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात वाचावयास मिळते. परंपरेनुसार राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता. पाय धुतल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी ठेवले आणि ते राहुलाला दाखविले. मग ते ओतून दिले, मग भांडे पालथे केले, मग रिकामे भांडे दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व असेच थोडके, सांडलेले, पालथे आणि रिकामे असते, हे त्यांनी समजावले. पुढे आरशाचे उदाहरण दिले: कोणतीही कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे आरशात पाहावे तसे पाहावे. यात आवाज चढविलेला नाही, हात उगारलेला नाही. हाताशी असलेले भांडे आणि मुलाला कळेल असा प्रश्न, एवढेच साधन आहे. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू शिलालेखात भिक्षु आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी सात प्रवचने नमूद केली. त्यांत खोटे बोलण्यासंबंधीचा हा राहुलोवाद आहे. घरी त्याचा उपयोग असा: पेला फुटला तर “कोणी फोडला?” हा प्रश्न नंतर, “काय झाले? कोणाला लागले का?” हा आधी. खरे बोलणाऱ्याला काचा उचलायला आपण मदत करावी. पुढच्या वेळी तो मांजराचे नाव सांगणार नाही.

बापाची माया दुबळी नसते, हेही बौद्ध वाङ्मयात आहे. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर राजा शुद्धोदन भगवंतांकडे गेला आणि पुत्रप्रेम कातडी भेदून हाडांच्या मज्जेपर्यंत जाते असे त्याने कळवळून सांगितले. त्यावरून मातापित्यांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा विनयाचा नियम झाला. माया असतेच, ती कामात दिसली पाहिजे. मुलांचे लसीकरणाचे कार्ड बापाला वाचता यावे. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते, हे त्याला ठाऊक असावे. जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पिण्याच्या पाण्यात घोळावी आणि ते पाणी चोवीस तासांत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे, हे त्याने आईला विचारावे लागू नये. जेवताना मुलाच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होणे सोपे असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरची वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नको, आणि कमी असेल तितके चांगले, असे सांगितले आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मूल वाढविणे ही एकट्या घराची नव्हे, राष्ट्राची बाब आहे, ही त्यामागील दृष्टी होती. बापालाही रजा हवी, हे मान्य व्हायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. केंद्र शासनाने १९९७ साली आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा दिली. बँकांत ती २०१५ च्या द्विपक्षीय कराराने आली. रोजंदारीवरच्या बापाला अशी रजा नाही. तरीही संध्याकाळचा अर्धा तास कोणत्याही मालकाकडे मागावा लागत नाही. नाक्यावर जाणारा तो अर्धा तास घरी वळविला तरी पुरे.

शेवटी संस्थेला आणि बांधवांना एक सूचना करावीशी वाटते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. पुरुष पुढे बसतात, आणि लहान मुले मागे आयांच्या मांडीवर असतात. मूल रडले की आई उठून बाहेर जाते. तिचे ऐकणे राहून जाते. येत्या आषाढ पौर्णिमेपासून मुलांना बापांनी घेऊन बसावे. मूल रडले तर बापाने उठावे. तेवढा वेळ आई ऐकेल, आणि आपल्या मुलाला उगी कसे करावयाचे हे बापही शिकेल.

जयभीम!