एका बागेत अनेक बागा

कमळ, निवडुंग आणि नेचा ही तिन्ही एकाच वाफ्यात लावली तर काय होईल? कमळाला पुरेल इतके पाणी ठेवले, की निवडुंगाची मुळे कुजतील. नेच्यासाठी सावली केली, तर कमळ फुलणार नाही. सर्वांना मानवेल असा एकच वाफा करता येत नाही. म्हणूनच मोठ्या वनस्पतिउद्यानाच्या पोटात अनेक लहान बागा असतात.

कॅनडातील माँट्रियल शहराचे उद्यान असेच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मारी-व्हिक्टोरिन यांच्या प्रयत्नांतून ते १९३१ साली स्थापन झाले. सुमारे ७५ हेक्टरांच्या या उद्यानात एक फेरी मारू या.

पर्वतीय बागेत जमिनीऐवजी दगडगोट्यांचे उंचवटे दिसतात. उंच पर्वतावरील झाडांना पाणी हवे असते, पण साचलेले पाणी सोसत नाही. दगडांमधून ते लगेच निथळून जाते. यांतील कित्येक झाडे उशीसारखी जमिनीला चिकटून वाढतात. त्यामुळे त्यांना बोचरा वारा कमी लागतो आणि आत ऊब टिकते.

सावलीच्या बागेत वृक्षांखाली नेचे वाढतात. त्यांच्या पातळ, पसरट पानांना थोडा प्रकाशही पुरतो. कडक उन्हात मात्र ती करपतात.

पुढे जलवनस्पतींची बाग. बहुतेक झाडांच्या पानांना खालच्या बाजूस जास्त रंध्रे असतात. कुमुदिनीच्या पानाची ती बाजू पाण्याला टेकलेली असते; म्हणून तिची रंध्रे वरच्या बाजूस असतात. देठातील पोकळ नळ्यांतून चिखलातल्या भागांपर्यंत हवा पोचते.

माँट्रियलच्या हिवाळ्यात तापमान कधी कधी शून्याखाली २० अंशांच्याही खाली जाते. म्हणून उष्ण प्रदेशातील झाडे काचगृहांत ठेवतात. तेथेही वाटणी आहेच! निवडुंगांसाठी हवा कोरडी, तर दमट अरण्यातील झाडांसाठी ओलसर. निवडुंगाची रंध्रे रात्री उघडतात. त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी वाया जात नाही.

१९८८ साली खुली झालेली जपानी बाग आणि १९९१ सालची चिनी बाग यांची आखणी मात्र त्या त्या देशांच्या परंपरेनुसार केलेली आहे.

आता आपल्या शाळेचे आवार पाहा. नळाजवळची ओल, भिंतीची सावली, पटांगणाचा तापलेला कोपरा ही तीन निराळी हवामानेच आहेत. कोठे काय उगवते, याची वहीत नोंद करा. रोप सुकू लागले, की आपण आणखी पाणी घालतो. पण पुष्कळदा जास्त पाण्यानेच त्याची मुळे कुजलेली असतात. तेव्हा झारी उचलण्याआधी विचारा : या रोपाचे मूळ घर कोणते?