आजीचा डबा, निळी शाई आणि डेकूपाज

आजचा विषय डेकूपाज. म्हणजे कागदावरची चित्रं कापून डबे, ट्रे, खुर्च्या अशा वस्तूंवर चिकटवायची आणि वरून वॉर्निशचे थर द्यायचे. सुरुवात मात्र माझ्या घोळापासून करतो.

दिवाळीआधी मी आजीचा पत्र्याचा फराळाचा डबा सजवायला घेतला. रंग उडालेला, झाकणाच्या कडेला गंज. त्यावर आजीनेच लिहिलेला अनारशांच्या कृतीचा कागद चिकटवायचा, अशी माझी भन्नाट आयडिया. वहीचं पिवळं पडलेलं पान, शाईपेनाने लिहिलेलं. चार मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला, ब्रश बुडवला आणि फिरवला. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, ही ओळ बघता बघता निळ्या डागात विरघळली.

आजीचे हात आता थरथरतात, सहीसुद्धा कशीबशी करते. म्हणजे तो कागद पुन्हा लिहून मिळणार नव्हता. ऑफिसमध्ये डेटाबेसला हात लावायच्या आधी मी दोनदा बॅकअप घेतो. घरी साधा फोटोही काढला नव्हता.

मग मी शांतपणे बसून समजून घेतलं, की चुकलं कुठे. उत्तर एका शब्दात: पाणी. या कलेत कात्री आणि डिझाइन नंतर, आधी पाणी कुठे जातंय ते बघायचं.

शाईपेनाची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारा रंग असते. आणि पांढरा फेव्हिकॉल म्हणजे पाण्यात मिसळलेले चिकट प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडून जातं, कण एकमेकांना चिकटतात आणि पारदर्शक पापुद्रा उरतो. पण उडून जायच्या आधी तेच पाणी तुमची शाई घेऊन फिरतं. घरच्या शाईवाल्या प्रिंटरचा प्रिंटही अनेकदा असाच पसरतो. झेरॉक्सचं तसं नाही. तिथे काळी पावडर उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली असते, तिला पाण्याची फिकीर नसते. म्हणून ओरिजिनल कागद कधीच चिकटवायचा नाही. स्कॅन करा, कोपऱ्यावरच्या दुकानातून कलर झेरॉक्स काढा आणि तिच्यावरही आधी एका कोपऱ्यात ओलं बोट घासून बघा.

दुसरी भानगड सुरकुत्यांची. कागद ओला झाला की त्याचे तंतू फुगतात आणि कागद चक्क मोठा होतो. कोरडा कागद डब्यावर ठेवून वरून ब्रश मारला, तर तो चिकटल्यावर वाढतो आणि वाढलेला भाग फुगा होऊन बसतो. त्यामुळे कागदाच्या मागे ग्लू लावून मिनिटभर थांबायचं, त्याला जेवढं वाढायचंय तेवढं वाढू द्यायचं आणि मग मधून कडेकडे बोटाने दाबत बसवायचा. पेपर नॅपकिन वापरणार असाल तर त्याचे पदर सुटे करून फक्त छापलेला पदर घ्या. तो इतका पातळ असतो की खालचा रंग दिसतो, म्हणून खाली पांढरा रंग हवाच.

लाकूड थोडं पाणी शोषतं, पत्रा अजिबात नाही. सगळं पाणी कागदातूनच वर यावं लागतं, म्हणून पत्र्यावर घाई चालत नाही. शिवाय उघड्या पत्र्याला ओलावा म्हणजे गंजाला आमंत्रण. आधी डबा साबणाने धुवा, पॉलिश पेपरने गंज घासा, मेटल प्रायमर मारा, रात्रभर ठेवा. मी हा टप्पा पहिल्यांदा गाळला होता, हे वेगळं सांगायला नको.

आता थोडा इतिहास, कारण वॉर्निशचं कोडं तिथेच सुटतं. डेकूपाज हा शब्द कापण्याच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. अठराव्या शतकात युरोपात चिनी आणि जपानी लाखेच्या फर्निचरचं वेड होतं, पण ते प्रचंड महाग. व्हेनिसच्या कारागिरांनी जुगाड केला: छापील चित्रं कापून रंगवायची, फर्निचरवर चिकटवायची आणि वॉर्निशचे इतके थर द्यायचे की कागदाची कड बोटाला लागूच नये. या प्रकाराला ‘लाका पोवेरा’ म्हणत, म्हणजे गरिबांची लाख. (आपल्या सावंतवाडीचं लाखकाम वेगळं. तिथे चित्र हाताने रंगवतात.)

म्हणजे ते थर नुसते चमक यावी म्हणून नव्हते. बरेच जण शेवटचा हातही फेव्हिकॉलचाच देतात. उन्हाळ्यात तो छान दिसतो. पण पावसाळ्यात दमट हवेत तो मऊ पडतो, धुरकट होतो आणि दोन डबे एकमेकांना चिकटतात. वर पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वॉर्निश हवं. पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, मध्ये बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवा. मी सहा हात दिले. कड अजून थोडी लागते. आतून मात्र काहीही लावू नका, आणि झाकणाच्या आतल्या कडेलाही नाही. तिथे फराळ ठेवायचा असतो.

तर डबा झाला. डाग पडलेल्या पानाचाच स्कॅन काढून ती झेरॉक्स लावली. मूळ पान आता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. आजीने डबा फिरवून पाहिला, निळ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इथलं गेलं होय? लिहून घे, सांगते.” मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. हे रोज पाणी बदलायचं कागदावर कधीच नव्हतं.