वाळलेले लाकूड, अडकलेले भांडवल

बंगळुरूच्या तुमकूर रस्त्यावरील यशवंतपूर हा रेल्वे स्थानक, बाजार समितीचे आवार आणि लगतची पीण्या औद्योगिक वसाहत यांमुळे सदैव गजबजलेला भाग. येथून मेट्रोने सहा स्थानके पुढे, नागसंद्र येथे, जून 2022 मध्ये ‘आयकिया’ या मूळच्या स्वीडिश कंपनीचे भव्य दालन उघडले. चिनी व मलेशियन फर्निचर तर त्याआधीच शहरात रुळले होते. परिसरातील सुतारापुढे प्रश्न उभा राहिला तो किमतीचा.

ही स्वस्ताई येते कोठून? परदेशी टेबल जहाजात चढते ते सुट्या फळ्यांच्या चपट्या खोक्यात. साहजिकच एका कंटेनरमध्ये कितीतरी अधिक माल मावतो. जोडणीचे श्रम बहुधा ग्राहकच करतो. फळीही अनेकदा लाकडाचे बारीक तुकडे राळेत दाबून केलेली असते. पाणी मुरले की ती फुगते आणि एकदा काढलेला स्क्रू पुन्हा तितका घट्ट बसत नाही. वरचेवर घर बदलणाऱ्या भाडेकरूने हे जरूर ध्यानात घ्यावे.

स्थानिक कारागिराचे कौशल्य वादातीत असले तरी त्याचे खरे दुखणे लाकूड वाळविण्यात आहे. ओल्या लाकडाचे दार वाकते, सांधे उघडतात. जाड फळी उघड्या हवेत नीट वाळण्यास अनेक महिने लागतात आणि तेवढा काळ पैसा अडकून पडतो. ग्राहकाने दिलेल्या आगाऊ रकमेतून लाकूड आणणाऱ्या सुताराला इतकी सवड कोठून असणार?

केंद्र शासनाने 2020 मध्ये फर्निचरवरील आयातशुल्क 20 वरून 25 टक्के केले. त्याने आयात महागली, परंतु सुताराची भांडवलाची अडचण सुटली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांना पहिल्या टप्प्यात 1 लाख व दुसऱ्या टप्प्यात 2 लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज 5 टक्के व्याजाने देण्याची तरतूद झाली. रक्कम मोठी नव्हे. तथापि लाकडाचा थोडा साठा आधीच करून ठेवण्यास ती निश्चित उपयोगी पडते. यंत्रावरील लाकूडकामाचे प्रशिक्षण जवळच मल्लेश्वरमच्या काष्ठ विज्ञान संस्थेत मिळते.

51 टक्क्यांहून अधिक विदेशी भांडवल असलेल्या एकाच नाममुद्रेच्या दालनांना 30 टक्के खरेदी भारतातून करण्याचे बंधन आहे. मात्र तेथे मागणी असते हजारो एकसारख्या नगांची. एकट्या कारागिराच्या आवाक्यापलीकडचे हे काम चार-पाच कारखानदारांनी सामायिक वाळवण भट्टी उभारून हाती घेतल्यास विचार करण्याजोगे ठरते.