‘पिया तू’पासून ‘मालो’पर्यंत : एकाच बाजाचे बँड कसे शोधायचे

पालममध्ये बसून मोबाइलवर ‘पिया तू अब तो आजा’ लावलं, तर त्यामागून बहुधा आशाताईंचं किंवा किशोरकुमारचंच गाणं येतं. अ‍ॅपच्या शिफारशी बऱ्याच अंशी ‘हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं’ या हिशेबावर चालतात. ‘कारवाँ’ची (1971) गाणी ऐकणारी मंडळी जुनी हिंदी गाणी ऐकतात, म्हणून तीच येत राहतात. त्या गाण्यातला ठेका आवडला असेल आणि त्याच बाजाचे फंक, सोल, लॅटिन रॉक बँड हवे असतील, तर गायकाला सोडून वाजवणाऱ्यांचा माग काढावा लागतो.

आधी नेमकं काय आवडलं ते ओळखायचं. मोबाइलच्या स्पीकरवर हे जमत नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. एवढा खर्ज त्या चिमुकल्या स्पीकरला पेलत नाही. इअरफोन लावून एकच गाणं तीनदा ऐका : एकदा नुसता बेस, एकदा ड्रम आणि हाताने वाजवायची तालवाद्यं, एकदा ट्रम्पेट-सॅक्सोफोन.

आता खुणा. बेस आणि ड्रम मिळून पहिल्या मात्रेवर जोर देत असतील आणि मधल्या जागा तुटक सुरांनी भरत असतील, तर ते फंक. भजनात टाळकऱ्याला सम चुकवून चालत नाही, तशी जेम्स ब्राउनच्या वादकांना ही पहिली मात्रा चुकवून चालत नसे. त्याचं ‘कोल्ड स्वेट’ (1967) ऐका. सुरावट जेमतेम हलते, गाणं पुढे नेतो तो ठेकाच. चारांपैकी दुसरी आणि चौथी मात्रा ठळक आणि गळ्यात चर्चमधल्या गॉस्पेल गायकीचा पुकारा, तर सोल. कोंगा-टिंबाली या तालवाद्यांचे एकमेकांत गुंतलेले ठोके आणि त्यावर इलेक्ट्रिक गिटारचे लांबवलेले सूर, तर लॅटिन रॉक.

आपल्या कानांना यातलं बरंच ओळखीचं आहे. बाँगो, मराकस अशी वाद्यं मुंबईच्या सिनेसंगीतात रुजवण्यात कावस लॉर्ड यांचा मोठा वाटा. पुढे ‘पिया तू’चे संगीतकार आर. डी. बर्मन ऊर्फ पंचम यांच्या ताफ्यात मारुतीराव कीर, होमी मुल्लन, अमृतराव काटकर आले. काटकरांच्या रेसो-रेसोचा, खाचांवरून काडी ओढून काढलेला, खरखरीत आवाज एकदा कानाने टिपला की लॅटिन गाण्यांतलं तसंच घासून वाजवायचं ‘गुइरो’ लगेच ओळखू येतं.

मग एक तबकडी घेऊन तिचे धागे उलगडायचे. सांताना बँडची ‘अब्राक्सस’ (1970) त्यासाठी उत्तम. तिच्यातलं ‘ओये कोमो वा’ मूळचं न्यूयॉर्कच्या टिटो पुएंतेचं, म्हणजे पहिला धागा मूळ रचनाकाराकडे जातो. दुसरा घरातला : कार्लोस सांतानाचा भाऊ होर्हे ‘मालो’ बँडमध्ये गिटार वाजवायचा, त्यांची पहिली तबकडी 1972ची. तिसरा जुन्या साथीदारांचा : सांतानाबरोबर वाजवलेल्या कोक एस्कोवेडोने भाऊ पीटबरोबर ‘अझ्टेका’ काढला. चौथा धागा फुंकवाद्यांचा. सांतानाच्या 1971च्या तबकडीतल्या ‘एव्हरीबडीज एव्हरीथिंग’मध्ये ‘टॉवर ऑफ पॉवर’ची ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाली मंडळी आहेत. त्यांच्या मागे गेलात की लॅटिन रॉकमधून थेट फंकमध्ये पोहोचता.

सोलसाठी स्टुडिओचा माग सोपा पडतो. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत ‘बुकर टी. अँड द एमजीज’ हेच वादक ओटिस रेडिंगसह अनेक गायकांना साथ करत. डेट्रॉइटच्या मोटाउनमध्ये हे काम ‘फंक ब्रदर्स’कडे होतं, आणि बेसवर जेम्स जेमर्सन. गायक बदलला तरी वादक तेच, त्यामुळे एक तबकडी आवडली की त्या कंपनीची त्याच काळातली दुसरीही बहुधा आवडते.

वादकांची नावं अनेक तबकड्यांच्या वेष्टनावर छापलेली असत. आता ती ‘डिस्कॉग्स’ या ऑनलाइन सूचीत सापडतात. ती पाहून प्रत्येक धाग्यावरची दोन-तीन गाणी निवडा, वेगळी प्लेलिस्ट करा आणि तिची सुरुवात ‘मालो’ने करा. आता अ‍ॅपचा तोच हिशेब तुमच्या कामाचा ठरतो. कारण ‘मालो’ ऐकणारे लोक ‘वॉर’, ‘मँड्रिल’, ‘एल चिकानो’ही ऐकतात.