घाण जाते कोठें ?

मोरींत ओतलेलें पाणी दिसेनासें झालें म्हणजे तें संपलें असें आपण समजतों. पुढें त्याचें काय होतें, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः तें पाणी नाहींसें होत नसतें. तें दुसऱ्या कोणाच्या तरी दाराकडे जात असतें. ही साधी गोष्ट उमगण्यासाठीं लंडनसारख्या वैभवशाली नगरीस हजारों जीव गमवावे लागले. ती हकीकत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही जाणून घेण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमधील बहुतेक घरांचा मैला तळघरांतील किंवा परसांतील खड्ड्यांत सांठत असे व मजूर तो रात्रीं उपसून नेत. पुढें पाण्यानें धुतले जाणारे शौचकूप प्रचारांत आले. घरें स्वच्छ झालीं खरीं. परंतु मुळांत पावसाच्या पाण्याकरितां बांधलेल्या गटारांतून सर्व घाण थेट टेम्स नदींत जाऊं लागली. आणि त्याच नदीचें पाणी कित्येक कंपन्या नळानें लोकांस पिण्यासाठीं पुरवीत होत्या! १८४८-४९ सालच्या पटकीच्या सांथींत लंडनमध्यें १४,००० हून अधिक माणसें मेलीं.

रोग दुर्गंधीनें पसरतो, असें त्या वेळच्या बहुतेक वैद्यांचें मत होतें. डॉक्टर जॉन स्नो यांचें मत निराळें होतें. १८५४ सालीं सोहो भागांत पटकी उद्भवली, तेव्हां त्यांनीं मृतांच्या घरोघरीं चौकशी केली आणि बहुतेक मृत्यु ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाभोंवतीं झाल्याचें दाखवून दिलें. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यांत आला. तरीही त्यांचें म्हणणें त्यांच्या हयातींत बहुतेकांस पटलें नाहीं. १८५८ च्या जूनमध्यें ते वारले.

त्याच उन्हाळ्यांत नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली कीं, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवावे लागले. हजारोंच्या मृत्यूनें जें काम झालें नव्हतें, तें सभासदांच्या नाकानें केलें ! ऑगस्टमध्यें कायदा मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलजेट ह्या एंजिनियराच्या योजनेस पैसा मिळाला.

योजना अशी होती. जुनीं गटारें नदीकडे उतरत असत. त्यांस नदीच्या अलीकडेच आडवीं छेदणारीं मोठीं भुयारी गटारें बॅझलजेट यांनीं दोन्ही तीरांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे बांधलीं. ह्या मुख्य गटारांची लांबी ८२ मैल होती व त्यांस साधारणपणें दर मैलास २ फूट इतका उतार दिला होता. हा उतार म्हणजेच सर्व रचनेचा प्राण होय. उतार कमी पडला तर पाण्याचा वेग मंदावून गाळ तळाशीं बसतो व गटार तुंबतें. उतार फार झाला तर थोड्याच अंतरावर गटार इतकें खोल जातें कीं, पाणी वर उचलणें कठीण होतें. पुष्कळशीं गटारें निमुळतें टोंक खालीं केलेल्या अंड्याच्या आकाराचीं असत. त्यामुळें उन्हाळ्यांत थोडें पाणीही अरुंद तळांतून वेगानें वाहतें आणि पावसाळी पाण्यास वरची रुंद जागा मिळते. जेथें उतार पुरेना, तेथें वाफेचे पंप पाणी वर चढवीत. शहराच्या पूर्वेस तें सांठवून ओहोटीच्या वेळीं नदींत सोडलें जाई. १८६६ सालीं पटकी पुन्हा आली, ती मुख्यत्वें जेथें योजना पुरी झाली नव्हती त्या पूर्व भागांत. त्यानंतर लंडननें पटकीची मोठी सांथ पाहिली नाहीं.

येथें गोष्ट संपली असें वाटेल. पण घाण नष्ट झाली नव्हती, केवळ कांहीं मैल सरकली होती. ता. ३ सप्टेंबर १८७८ रोजीं 'प्रिन्सेस अॅलिस' नांवाची बोट टक्कर होऊन ह्याच पूर्वेकडील पात्रांत बुडाली व ६०० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. थोड्याच वेळापूर्वीं तेथें मैलापाणी सोडण्यांत आलें होतें. त्या पाण्याविषयीं लोकांत मोठा क्षोभ झाला. पुढें पाण्यांतील गाळ वेगळा करूं लागले. परंतु १८८७ पासून तो गाळ बोटींनीं समुद्रांत टाकूं लागले, आणि ही रीत १९९८ पर्यंत चालली!

खरा उपाय सृष्टीकडूनच शिकावा लागला. नदींतील सूक्ष्म जंतु पाण्यांत विरघळलेला प्राणवायु घेऊन घाण खाऊन टाकतात. मात्र घाण अति झाली कीं प्राणवायु संपतो व मासे मरतात. १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट ह्या दोघां रसायनज्ञांनीं हेंच कार्य टाक्यांत घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. प्रथम जाळ्यांनीं चिंध्या-काटक्या अडवितात. मग रेती व गाळ खालीं बसूं देतात. नंतर पाण्यांत हवा घुसळून जंतूंची वाढ करितात. शेवटीं जंतुयुक्त गाळ खालीं बसला कीं वरचें निवळ पाणी सोडतात आणि त्या गाळाचा कांहीं भाग नव्या पाण्यासाठीं परत फिरवितात. नदीस जें करावयास दिवसच्या दिवस लागतात, तें टाकींत कांहीं तासांत होतें. १९५७ सालीं टेम्सचा लंडनमधील भाग मृतप्राय ठरला होता. शुद्धीकरण सुधारल्यावर १९७४ सालीं तींत पुन्हा सामन मासा सांपडला.

पावसाचा प्रश्न मात्र राहिलाच. लंडनच्या जुन्या भागांत पावसाचें व मैल्याचें पाणी एकाच गटारांतून जातें. जोराचा पाऊस पडला कीं घरांत पाणी चढूं नये म्हणून जादा पाणी नदींत सोडावें लागे. ह्याकरितां नदीखालून सुमारे २५ किलोमीटर लांबीचा व सात मीटरांहून रुंद असा बोगदा खोदण्यांत आला. त्याच्या सर्व जोडण्या २०२५ सालीं पूर्ण झाल्या. नव्या वस्त्यांत दोन्हीं पाण्यांस आरंभापासूनच निरनिराळीं गटारें देणें श्रेयस्कर समजतात.

एंजिनियर उतार देतो, जंतु घाण खातात. पण मोरींत काय टाकावें हें आपल्याच हातीं आहे. २०१७ सालीं लंडनच्या एका जुन्या गटारांत थिजलेली चरबी व कापडी चिंध्या मिळून २५० मीटर लांबीचा दगडासारखा गोळा सांपडला. तो कोणा एकानें टाकला नव्हता. घराघरांतून थोडें थोडें तेल ओतलें गेलें, त्याचा तो संचय होता. आणि तो फोडण्यास कामगारांस त्या काळोख्या भुयारांत कित्येक आठवडे उतरावें लागलें. तेव्हां तेलकट भांडें धुण्यापूर्वीं पुसून घ्यावें, चिंधी वा कागद मोरींत टाकूं नये, आणि पाणी ओततांना क्षणभर आठवावें कीं, उताराच्या खालच्या टोंकाशीं कोणी तरी राहतें.